जुना कॉम्प्युटर, नवी विंडोज : फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तेव्हापासून वाचकांचे तेच ते प्रश्न येत आहेत. ‘कॉम्प्युटर उत्तम चालतोय, तरी पडद्यावर सारखी सूचना येते, काय करू?’ ‘दुकानदार म्हणतो, आता हा भंगारात काढा, खरं आहे का?’ ‘भाच्याने पेनड्राइव्हवरून विंडोज ११ टाकून दिली, पण आता जुनी मराठी पत्रं उघडली की भलतीच अक्षरं दिसतात.’

तुमचा कॉम्प्युटर बंद पडलेला नाही आणि पडणारही नाही. विंडोज १० आजही सुरू होते, प्रिंट काढते, फायली उघडते. बदलले ते एवढेच, की विंडोजमध्ये यापुढे ज्या सुरक्षेच्या त्रुटी सापडतील, त्यांची दुरुस्ती तुमच्यापर्यंत आपोआप येणार नाही. नेटला कधीच न जोडलेल्या मशीनला त्याने फारसा फरक पडत नाही. पण ज्या मशीनवरून नेट बँकिंग होते, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते, लोकांचे आधार-पॅन स्कॅन होतात, तिथे ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणणे धोक्याचे आहे.

म्हणून हा निर्णय कोणाच्या एका वाक्यावर घेऊ नका. मशीनमध्ये प्रोसेसर कोणता आहे आणि त्यावर तुम्ही रोज कोणते काम करता, या दोन गोष्टी पाहून घ्या.

आधी आपले मशीन ओळखा

यासाठी तंत्रज्ञ लागत नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात अगदी खाली ‘अबाउट’ उघडा. तिथे प्रोसेसरचे नाव, रॅम आणि विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हे तिन्ही दिसते. मोबाइलने त्या पानाचा फोटो काढून ठेवा. दुकानात गेलात तर तोच दाखवा.

इंटेलचा प्रोसेसर असेल तर नावातल्या आडव्या रेघेनंतरचा आकडा पाहा. ‘आय ५-७२००यू’ म्हणजे सातवी पिढी, ‘आय ५-८२५०यू’ म्हणजे आठवी, ‘आय ५-१०२१०यू’ म्हणजे दहावी. विंडोज ११ साठी आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. सातव्या पिढीतले अगदी मोजकेच प्रोसेसर यादीत आहेत. एएमडीचा रायझेन असेल तर ३००० मालिकेपासून पुढचे बहुतेक चालतात, २००० मालिकेतले काहीच. नुसते ‘कोअर आय ५ आहे’ या वाक्याला अर्थ नाही. आय ५ हे नाव दुसऱ्या पिढीलाही होते आणि बाराव्या पिढीलाही आहे.

खात्रीसाठी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून उतरवा आणि चालवा. मशीन पात्र आहे का, आणि नसेल तर कशामुळे, हे ते सांगते. ‘नाही’ आले म्हणून लगेच हताश होऊ नका, कारण बघा :

- प्रोसेसर यादीत नाही : याला घरगुती उपाय नाही. तुम्हाला पुढचे पर्याय पाहावे लागतील.
- टीपीएम २.० सापडत नाही : ही किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप असते. आठव्या पिढीच्या पुढच्या बहुतेक मशीनमध्ये ती प्रोसेसरमध्येच असते, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनमध्ये तिचे नाव ‘पीटीटी’, एएमडीच्या मशीनमध्ये ‘एफटीपीएम’. ती चालू केली की काम झाले.
- सिक्युअर बूट नाही : हे असेम्बल केलेल्या मशीनमध्ये फार दिसते. मशीन नवे असते, पण विंडोज टाकणाऱ्याने सवयीने जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेली असते.
- रॅम किंवा जागा कमी : दोन्ही वाढवता येतात.

सिक्युअर बूटबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इथेच अनेकांचे मशीन अडते. बायोसमध्ये जाऊन ‘लेगसी’चे ‘युईएफआय’ केले आणि मशीन सुरूच होईना, असे झाले तर डेटा गेलेला नसतो. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि युईएफआयला जीपीटी लागते, एवढाच तो गोंधळ. पुन्हा लेगसी करा, मशीन पूर्वीसारखे उठेल. विंडोज १० मध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाची आज्ञा आहे. ती डेटा न पुसता मांडणी बदलते. आधी ती, मग बायोसमधला बदल, हा क्रम. आणि त्याही आधी बॅकअप. हे करताना हात कचरत असेल तर जाणकाराला बोलवा, पण ‘यासाठी सगळी डिस्क फॉरमॅट करावीच लागेल’ असे तो म्हणाला तर त्याला या आज्ञेची आठवण करून द्या.

आणखी एक काळजी. लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर बायोसमध्ये बदल केल्यावर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. बायोसला हात लावण्याआधी ती कागदावर लिहून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरते थांबवा. की नसेल तर डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रे कोणीही, अगदी कंपनीही, परत मिळवून देऊ शकत नाही.

काहीही करण्याआधी : बॅकअप आणि आपली मराठी

बॅकअप म्हणजे डेस्कटॉप आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ पेनड्राइव्हवर ओढणे, असा सार्वत्रिक समज आहे. त्यात निम्मे राहून जाते. बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि ही यादी समोर ठेवा :

- सी ड्राइव्हमधले युजर फोल्डर पूर्ण, ‘डाउनलोड्स’सकट. पावत्या, तिकिटे, बँकेची स्टेटमेंट्स तिथेच पडलेली असतात.
- आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल.
- ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड. खात्यात साइन इन करून सिंक झाले आहेत का, ते दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाइलवर उघडून पाहा.
- टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच. मशीन फॉरमॅट होणार असेल तर टॅलीचे लायसन्स आधी सरेंडर करा.
- प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र यांचे मॉडेल क्रमांक. त्यांचे विंडोज ११ चे ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर आहेत का, ते आत्ताच शोधा, नंतर नाही.
- डिजिटल सहीचे टोकन. सही टोकनमध्येच असते, कॉम्प्युटरमध्ये नव्हे; म्हणून ती जात नाही, फक्त टोकनचे सॉफ्टवेअर पुन्हा टाकावे लागते. टोकनचा पासवर्ड मात्र आधी आठवून ठेवा. चुकीचा पासवर्ड वारंवार टाकला की टोकन लॉक होते.

बॅकअप झाला असे मानण्याआधी त्यातल्या पाच-सहा फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप मोजू नका.

आता मराठीकडे. वकिलांची कार्यालये, ग्रामपंचायती, छापखाने, शाळा, सहकारी संस्था, जुने लेखक, सगळ्यांकडे वीस-वीस वर्षांचा मजकूर कृतिदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये आहे. या फायलींत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग. तिच्यावर तो विशिष्ट फॉन्ट चढला की पडद्यावर मराठी दिसते. विंडोज नव्याने टाकली, फॉन्ट गेला, की ठरावाची वही उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो. फाइल खराब झालेली नसते. पण फॉन्ट कुठला होता हेच आठवत नसेल आणि तो मिळत नसेल, तर ती फाइल तुमच्या उपयोगाची राहत नाही.

म्हणून विंडोज बदलण्याआधी एवढे कराच :

१. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून तुमचे सगळे मराठी फॉन्ट निवडा आणि बॅकअपच्या डिस्कवर कॉपी करा. 

२. कायदेशीर किंवा जपण्याजोगे दस्तऐवज आहे त्या मशीनवरच उघडा आणि ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे तो कुठेही तसाच दिसतो.

३. ज्या मजकुरात पुढेही बदल करायचे आहेत, तो कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणा. पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रफार, ‘ऱ्या’, पहिली वेलांटी आणि आकडे इथे कन्व्हर्टर हमखास घसरतात. ‘कार्यवाही’मधला रफार भलत्या अक्षरावर जातो, ‘दुसऱ्या’ची मोडतोड होते, रकमेतला एखादा अंक चिन्ह बनतो. सातबारा, खरेदीखत, इतिवृत्त असा मजकूर असेल तर मूळ पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा.

४. मराठीचे सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर त्याची सध्याची आवृत्ती विंडोज ११ वर चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी किंवा ईमेलने विचारून घ्या. 

युनिकोडमध्ये टाइप करणाऱ्यांना यातले काही करावे लागत नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट पद्धतीचा कीबोर्ड मिळतो, आणि २०१९ पासून ‘मराठी फोनेटिक’ही आहे, त्यात ‘namaskar’सारखे रोमनमध्ये टाइप केले की ‘नमस्कार’ उमटते. ‘मंगल’ फॉन्ट दिसेनासा झाला तर तो हरवलेला नाही. ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट म्हणून तो, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे एकत्र मिळतात.

पतसंस्था आणि दूध संस्थांसाठी एक वेगळा इशारा. तुमचा हिशेब डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रो प्रोग्रॅमवर चालत असेल तर तुमची विंडोज बहुधा ३२ बिट आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे आणि त्यावर ते १६ बिटचे जुने प्रोग्रॅम सरळ चालत नाहीत. शिवाय ३२ बिटवरून ६४ बिटवर जाताना वरच्या वर अपग्रेड होत नाही, सगळे नव्याने टाकावे लागते. डॉसबॉक्ससारखे मार्ग आहेत, पण संस्थेच्या रोजच्या कारभारात आर्थिक वर्षाच्या मध्यावर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने मशीन नेटपासून तोडून, रोजचा बॅकअप घेत, हिशेबापुरते चालू ठेवा आणि नव्या सॉफ्टवेअरवर एप्रिलपासून जा.

मशीन पात्र असेल तर

वेळ घालवू नका, विंडोज ११ वर जा. अस्सल विंडोज १० असलेल्याला हे अपग्रेड मोफत आहे. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये निमंत्रण दिसत असेल तर तिथूनच करा. दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ घ्या. या मार्गाने गेलात तर फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. फॉरमॅट मारण्याची गरज नसते.

डाउनलोड काही जीबींचा असतो. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून ते पुरे होणार नाही. ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी करा. सी ड्राइव्हवर पंचवीस-तीस जीबी जागा मोकळी ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा, डेस्कटॉप चांगल्या यूपीएसवर. जिथे वीज ये-जा करते तिथे पावसाळ्यातली संध्याकाळ निवडू नका. काम चालू असताना मशीन दोन-तीन वेळा आपोआप बंद होऊन सुरू होते, कधी एकाच टक्क्यावर बराच वेळ थांबते. त्या वेळी बटण दाबून बंद करणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे.

झाल्यावर पहिल्याच दिवशी प्रिंटर, स्कॅनर, टोकन, टॅली, मराठी टायपिंग, सगळे एकदा वापरून बघा. कारण परतीचा रस्ता दहाच दिवस खुला असतो : ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’, तिथे ‘गो बॅक’. या दहा दिवसांत डिस्क साफ करण्याच्या उत्साहात ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर पुसले तर तो रस्ताही बंद होतो.

रॅमची कागदावरची अट ४ जीबी आहे. तेवढ्यावर विंडोज ११ बसते, पण ब्राउझरचे चार टॅब आणि एक एक्सेल उघडले की मशीन धापा टाकते. ८ जीबी हवीच. आणि अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा. रॅम आणि एसएसडी यांपैकी एकच परवडत असेल तर एसएसडी. सुरू व्हायला पाच मिनिटे घेणारे मशीन त्यानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास येते, आणि हा फरक नव्या विंडोजपेक्षा तुम्हाला जास्त जाणवेल. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवता येते, म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा टाकायला नकोत. लॅपटॉपमध्ये सपाट अडीच इंची एसएसडी बसते की पट्टीसारखी एम डॉट टू, हे खरेदीआधी मॉडेलवरून पाहून घ्या.

मशीन पात्र नसेल तर

इथे लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात. तुमच्यापुढे चार वाटा आहेत.

एक : वाढीव सुरक्षा-मुदत घ्या. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने ‘ईएसयू’ नावाने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय केली आहे. मशीनवर विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, असायला हवी; ‘रन’मध्ये ‘विनव्हर’ टाइप केले की आवृत्ती दिसते. मग ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा दुवा येतो. मायक्रोसॉफ्ट खात्यात साइन इन करून विंडोज बॅकअपने सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत. नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलर आणि कर, एवढी किंमत आहे. एका खात्यावर १० मशीनपर्यंत ही सोय वापरता येते.

मोफत मार्ग निवडताना एक लक्षात घ्या : सेटिंग्ज सिंक करणे आणि सगळे फोटो-कागदपत्रे वनड्राइव्हवर चढवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबीच असते. ती भरल्याच्या सूचना येऊ लागल्या म्हणून जागा विकत घेण्याची गरज नाही. फोल्डरांचा बॅकअप बंद करा. या मुदतीत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, नव्या सोयी नाहीत. डोमेनला जोडलेल्या कार्यालयीन मशीनना ही घरगुती योजना लागू नाही. संस्थांसाठीची योजना वेगळी आणि दरवर्षी महाग होत जाणारी आहे.

ज्यांचे मशीन सहाव्या-सातव्या पिढीचे आणि उत्तम चालणारे आहे, त्यांनी आधी हेच करावे. नवे मशीन शांतपणे निवडायला वेळ मिळतो.

दोन : लिनक्स. ज्यांचे काम ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, ऑनलाइन वर्ग, पत्रे आणि साधी कोष्टके एवढेच आहे, त्यांच्या दहा-बारा वर्षांच्या मशीनला लिनक्स मिंट चांगली सोबत करते. तिची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. मिंटची २२ ही मालिका एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळवत राहील. उबुंटू, झोरिन आणि आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्स हेही पर्याय आहेत. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक या दोन्ही पद्धतींनी मराठी टाइप करता येते, लिबरऑफिस मोफत आहे.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून बघा. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर, पडदा, सगळे तपासता येते. आवडले नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज आहे तिथेच आहे. पण टॅली, डोंगलवरचे मराठी सॉफ्टवेअर, एमएस ऑफिसचे बारीक काम किंवा डिजिटल सहीचे टोकन ही तुमची रोजची गरज असेल तर या वाटेला जाऊ नका. घरातल्या आजी-आजोबांना आणि शाळकरी मुलांना लिनक्स सहज जमते. अडचण येते ती वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने कार्यालयीन काम करणाऱ्यांना.

तीन : अपात्र मशीनवर जबरदस्तीने विंडोज ११. रेजिस्ट्रीत बदल करून किंवा खास तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून हे करता येते, आणि बरेच जण ‘चालतंय की मस्त’ म्हणून सांगतात. चालते, हे खरे. पण अशा मशीनला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा तसाच खटाटोप करून टाकावी लागते. आणि २०२४ ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हा कोअर टू ड्युओच्या काळातली मशीन सुरूच होईनाशी झाली, कारण त्या प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या आज्ञाच नव्हत्या. हौसेच्या मशीनवर खुशाल करा. दुकानाच्या, दवाखान्याच्या, संस्थेच्या मशीनवर करू नका.

चार : मशीन बदला. नवे किंवा जुने घ्याल, तरी पिढी पाहून घ्या. ‘रिफर्बिश्ड’ बाजारात सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप विंडोज ११ टाकून विकले जातात. ती वर सांगितलेली तिसरी वाटच असते. दुकानातच ‘अबाउट’चे पान उघडायला लावा.

अजून विंडोज ७ वर असणाऱ्यांना वेगळे सांगायला हवे. तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला, क्रोमही तिथे २०२३ मध्ये थांबले, आणि विंडोज ७ ची जुनी की वापरून मोफत वर जाण्याचा मार्गही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. त्या मशीनवरून बँकेचा व्यवहार आजपासून थांबवा.

ऑफिसचे काय, हाही प्रश्न येतो. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधार त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज बदलली म्हणून जुने ऑफिस बंद पडत नाही, पण अनोळखी ईमेलमधून आलेली वर्डची फाइल त्यात उघडताना सावध राहा.

दुकानात जाल तेव्हा : तुमचे हक्क

- अपग्रेडसाठी विंडोजच्या लायसन्सचे पैसे द्यायचे नसतात. मजुरी किती आणि सुट्या भागांचे किती, हे वेगवेगळे लिहून मागा.
- काम झाल्यावर ‘ॲक्टिव्हेशन’चे पान समोर उघडायला लावा. आधीचे अस्सल लायसन्स असलेल्या मशीनवर कोणी ‘ॲक्टिव्हेटर’ चालवत असेल तर थांबवा. असे प्रोग्रॅम चालवण्यासाठी विंडोजचे संरक्षणच बंद केले जाते.
- एसएसडी किंवा रॅम टाकली तर बिलावर कंपनी, क्षमता, सीरियल क्रमांक आणि वॉरंटी हवी. काढलेली जुनी डिस्क तुमची आहे, ती परत घ्या. त्यावर तुमचे सगळे आयुष्य असते.
- शक्य असेल तर काम समोर बसून करून घ्या. मशीन ठेवून यावे लागले तर खासगी फोटो आणि पासवर्डच्या फायली आधी काढून घ्या.
- ‘डेटा सुरक्षित राहील’ असे तोंडी सांगितले जाते. ते जॉबकार्डवर लिहून घ्या.

विंडोज ११ साठी पात्र म्हणून अपात्र मशीन गळ्यात मारले, किंवा सांगितलेला भाग न टाकता पैसे घेतले, तर आधी दुकानाला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील द्यावाच लागतो असे नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते.

‘तुमची विंडोज कालबाह्य झाली आहे, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असा फोन आला किंवा पडद्यावर भोंगा वाजवत एखादा नंबर झळकला, तर तो नंबर लावू नका, एनीडेस्कसारखे ॲप कोणाच्या सांगण्यावरून उतरवू नका. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता अधिक.

जुने मशीन टाकायचेच ठरले तर भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवे. अनेक कंपन्या जुने मशीन परत घेतात. देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या.

आणि प्रत्येक खरेदीचे, प्रत्येक दुरुस्तीचे पक्के बिल मागा, मग ते पाचशे रुपयांचे असले तरी. आयोगापुढे तुमच्या बाजूने बोलणारा पहिला कागद तोच असतो.